गाडी तेल खाते

भय्यासाहेबांनी इंजिनातली तेलाची काडी उपसली आणि गोविंदाच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसली. विचारणं नाही, काही नाही. भिंतीला पुसावी तशी पुसली. मग ती परत आत खुपसली, पुन्हा उपसली आणि उन्हात धरून अंगणातल्या सगळ्यांना दाखवली. काडीच्या टोकाला नुसता ओशटपणा होता, तेलाचं नाव नव्हतं.

"परवाच डबा ओतला ना बे यात?"

"ओतला जी. विमलताईनं काढून देल्ला, मी ओतला."

"मंग गेलं कुठी?"

गोविंदा मुनेश्वरला हाच प्रश्न दिवाळीपासून पडला होता. आणि तो भय्यासाहेबांच्या कानावर घातला कोणी? त्यानंच. 'साहेब, गाडी तेल खाऊन राह्यली,' असं तो आपण होऊन सांगायला गेला होता. चोर कधी असा सांगत येतो का? पण हे लक्षात कोण घेतो!

जीप बाभुळगावातल्या एका संस्थेची होती. कापसाचे ते दिवस फार वाईट. भाव पडलेला, घराघरात कापूस आढ्यापर्यंत चढलेला, आणि गावोगावी माणसं फवारणीचं औषध पिऊन संपत होती. अशा घरी जायचं, मागं राहिलेल्या बाईशी बोलायचं, पोरांच्या शाळेचं बघायचं, जमलं तर शिवणयंत्र द्यायचं, हे संस्थेचं काम. भय्यासाहेब तिचे संचालक. गोविंदा पूर्वी जिनिंगच्या ट्रकवर होता. जिनिंगला कुलूप लागलं तेव्हापासून तो ही जीप चालवत होता. जीपच्या दारावर 'धीर सोडू नका' असं ठळक रंगवलेलं होतं. लोक मात्र तिला 'रडकी' म्हणत. रडकी गावात शिरली की बाया दारात येऊन बघत, आज कोणाच्या घरापुढं थांबते. गोविंदा रोज सकाळी आधी तिला पुसायचा आणि मग स्वतः चहा प्यायचा.

आज अंगणात प्रफुल्लबाबू आला होता. भय्यासाहेबांचा सख्खा मेहुणा. यवतमाळला त्याचं मोठं गॅरेज. पण त्याच्या नखात कधी ग्रीस दिसलं नाही. बोटावर किल्ली फिरवायची आणि पोरांना हुकूम सोडायचे, एवढीच त्याची मिस्त्रीगिरी. संस्थेची गाडी दुरुस्तीला त्याच्याकडंच जायची, दुसरीकडं न्यायची सोय नव्हती. त्यानं गोविंदाला गाडी चालू करायला लावली, मागं जाऊन सायलेन्सरपाशी पांढरा रुमाल धरला, मग खाली वाकून गाडीखालची जमीन पाहिली. उठून हात झटकले.

"भाऊजी, गाडी तेल खात असती तर निळा धूर सोडला असता. धूर हाये का? नाही. गळत असतं तर खाली डाग पडला असता. डाग हाये का? नाही. मंग आता तुमीच समजा."

सगळ्यांनी गोविंदाकडं पाहिलं. भय्यासाहेब गालात हसले.

"अरे, तो बिचारा खरंच बोलला होता ना! खाऊन राह्यलं म्हनून सांगतलं होतं त्यानं. कोन खाऊन राह्यलं तेवढं सांगायचं इसरला!"

शिवणवर्गाच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शिपाई तर टाळी वाजवायचाच बाकी होता. एकट्या विमलताई हसल्या नाहीत. गावोगावी घरी जाऊन बसण्याचं काम त्यांचं, गोविंदाच्या शेजारी बसून सारा जिल्हा फिरलेल्या. पण त्याही मान खाली घालून उभ्या राहिल्या.

"मी तेल नाही खाल्लं जी," गोविंदा म्हणाला. आपला आवाज इतका बारीक का निघाला, हे त्याचं त्यालाच कळेना.

"पाह्य गोविंदा," भय्यासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी कोनाच्या पोटावर पाय देत नाही. परवा मुंबईचे पाहुणे येऊन राह्यले. त्या दिवशी सकाळी प्रार्थनेत उभा राह्य आन सगळ्या स्टाफसमोर म्हन, 'माह्या हातून चूक झाली.' बस. नोकरी तुहीच. नाही म्हनलं, तर मंग मले दुसरा ड्रायव्हर पाहावा लागीन."

वर पुन्हा उदार! आधी माणसाच्या तोंडाला काळं फासायचं आणि मग धुवायला पाणी दिलं म्हणून मिरवायचं. गोविंदाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यानं बोनेट लावलं, दुपट्टा खांद्यावरून काढला आणि त्यावरचा तो तेलाचा पट्टा आत जाईल अशी त्याची घडी घातली.

*

तो घरी पोचायच्या आधीच बातमी वस्तीत पोचली होती. सत्यभामा ओट्यावर बसून हाताला तेल चोळत होती. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायचा, बोंडांच्या टोकदार पाकळ्यांनी बोटं सोलून निघायची, हे तिचं रोजचंच. नवऱ्याला पाहताच ती उसळली.

"तुमाले तोंड देल्लं नाही का? चूप काहून राह्यले?"

"काय बोलू? धूर नाही, डाग नाही."

"म्हनून तुमी चोर? हातपंपावर बायानं मले काय म्हनलं, माहीत हाये? 'सत्यभामाबाई, आता भाजीले तेल इकत नसान घेत तुमी!' मी घागर तिथंच टाकून आली. हे पाहा, नोकरी गेली तर जाऊ द्या, पन परवा तुमी चूक झाली म्हनाल, तर या ओट्यावर पाय ठेवू नका. मी सांगून राह्यली."

गोविंदा हसला नाही, चिडलाही नाही. बायको चिडली ते त्याला बरंच वाटलं. दिवसभरात त्याच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं होतं.

"मुख्तारकडं जातो," तो म्हणाला.

मुख्तार मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे यवतमाळ रस्त्यावरचं एक निंबाचं झाड आणि त्याखालचा खड्डा. जिनिंगचे ट्रक होते तेव्हा गोविंदाचा ट्रक त्याच्याकडंच यायचा. तेव्हापासूनची दोघांची अरे-तुरेची दोस्ती. दुसऱ्या दिवशी पहाटे फुलसावंगीला जायचं असल्यामुळं जीप गोविंदाच्याच ताब्यात होती. ती त्यानं खड्ड्यावर आणून उभी केली आणि सगळं सांगितलं. मुख्तारनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अबे, तू बोलाच गलत! गाडी तेल खाते, हे कोन सांगतलं तुले?"

"कमी होते म्हनून म्हनलं. सगळेच म्हनते."

"सगळे म्हनते म्हनून तूही म्हनशीन? ड्रायव्हर हायेस का तमाशा? खाते ते येगळं, गळते ते येगळं. खाते म्हनजे आत जळते, त्याचा धूर निघते. तू 'खाते' म्हनला, त्यानं धूर पाह्यला, धूर नाही, खलास! तूच आपल्या तोंडानं आपल्याले अडकवलं. 'खाते' म्हनलं की मानूस आधी कोनाकडं पाह्यते? मानसाकडंच ना!"

हे मात्र खरं होतं. एका शब्दानं घात केला होता, आणि तो शब्द त्याचाच होता.

"पन गळत असतं तर डाग दिसला असता ना बे," तो म्हणाला. "खाली तर कोरडं ठक्क."

"तेच पाहू."

मुख्तार खड्ड्यात उतरला. इंजिनाच्या खाली एक पत्रा बसवलेला असतो, दगड लागू नयेत म्हणून. त्याचे नट त्यानं सोडवले. पत्रा खाली ओढला तसं त्याच्यावर साचलेलं काळ्या मातीचं ढेकूळ थप्पकन खड्ड्यात पडलं. पावसाळ्यापासून पांदणीतली माती त्यात थरावर थर बसली होती. मुख्तारनं त्यातली मूठभर उचलली आणि आवळली. कणकेला तेलाचं मोहन घालावं तशी ती माती ओशट झाली होती. बोटांच्या फटींतून काळं तेल मनगटावर उतरलं.

"हे घे तुह्यं तेल! हे मातीनं पेलं, म्हनून खाली डाग नाही. अबे, आपली काळी माती पान्याचा डाग पडू देत नाही, तेलाचा पडू देईन का?"

गोविंदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतके दिवस ते इथंच होतं, त्याच्या पायाखाली. त्यानं तिथंच पडलेलं घमेलं उचललं आणि माती भरायला लागला.

"हे काय करून राह्यला?"

"भय्यासाहेबाच्या टेबलावर नेऊन ओततो."

"येडा झाला का? ते म्हनतीन, तूच ओतलं. कोठून गळते ते पाहिजे. जागा दाखव, मंग बोल."

जागा शोधणं सोपं नव्हतं. गाडी धावताना पंख्याचा वारा तेलाला मागं उडवतो, खालून वर आणि वरून खाली सगळं एकसारखं बरबटून जातं. निघतं एकीकडं आणि दिसतं भलतीकडंच. दोघांनी मिळून सारं इंजिन डिझेलनं धुतलं, फडक्यानं पुसून कोरडं केलं आणि गाडी चालू ठेवून वाट पाहिली. कुठंच काही येईना.

"उभ्या गाडीत नाही येनार," मुख्तार म्हणाला. "इंजिन तापलं पाहिजे, तेलाचा दाब चढला पाहिजे. कोनी पावडर मारते, पन इतक्या लांब वाऱ्यानं उडून जाईन. माह्या बापाची रीत येगळी होती. कापूस आन."

"कापूस?"

"साफ, पांढरा. जोडाजोडाले एक एक बोंडूक बांधतो. उद्या तू फुलसावंगीले जाऊन ये. जे काळं होईन, ते चोर."

*

सत्यभामानं घरात थोडा कापूस बाजूला ठेवला होता. पोरगी दीपमाला बाळंतपणाला येणार होती, तिच्या गादीसाठी. गोणीचं तोंड तिनं लगेच सोडलं.

"कवडी कापूस नको देजो," गोविंदा म्हणाला. "पिवळ्यावर डाग समजत नाही."

"माह्या वेचनीत कवडी नसते, माहीत हाये ना?" तिनं मूठ मूठ कापूस उजेडाकडं धरला, काडीकचरा काढला आणि दुधासारखा पांढरा तेवढा वेगळा केला. "बजारात नेला की व्यापारी हात लावून म्हनते, 'काळा हाये, ओला हाये.' आता तुमी खरंच काळा करून आना. काळा कसा असते ते त्याले दाखवतो मी!"

या मातीत पिकणारी एवढी शुभ्र वस्तू, आणि तिला बाजारात किंमत नाही. शेवटी ती कामाला आली कशाच्या, तर एका ड्रायव्हरचं खरं ठरवायला. मुख्तारनं कापसाचे बोळे वळले आणि दोऱ्यानं एक एक जोड बांधून काढला. वरच्या झाकणाच्या कडेला, फिल्टरच्या गळ्याशी, चेंबरच्या पॅकिंगला, नळीच्या टोकाला, फिल्टरच्या मागच्या आडबाजूला. मग बोनेट लावून त्यानं दम भरला.

"उद्या परत येईपर्यंत उघडायचं नाही. तुही सवय हाये बोट घालून पाहायची. तुहा काळा हात लागला, तर मले काही समजनार नाही."

दुसऱ्या दिवशी फुलसावंगीच्या वाटेवर गोविंदाचा सारा जीव बोनेटखाली अडकला होता. आर्णी मागं पडली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचणीच्या बाया वाकलेल्या दिसत होत्या. शेजारी बसलेल्या विमलताईंनीच तोंड उघडलं.

"गोविंदाभाऊ, मले ठाऊक हाये, तुमी तेल नाही खाल्लं."

"मंग काल काहून नाही बोलल्या?"

त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. "माह्याही घरी दोन लेकरं हायेत," एवढंच म्हणाल्या.

गोविंदाला राग आला, आणि रागाच्या मागोमाग त्यांची कीवही आली. दुसऱ्याच्या घरात जाऊन दिवसभर 'घाबरू नका, बोला' म्हणून सांगणाऱ्या या बाईला स्वतःच्या कचेरीत बोलायची चोरी! त्यानं गिअर बदलला.

फुलसावंगीत ज्या घरी जायचं होतं तिथं पुढच्या खोलीत कापूसच कापूस होता. माणसांना बसायला जागा नव्हती. विमलताई आत गेल्या. गोविंदा नेहमीसारखा बाहेर गाडीपाशी थांबला. दोन वेळा त्याचा हात बोनेटच्या कडीपर्यंत गेला, आणि दोन्ही वेळा त्यानं तो मागं घेतला. घरातली म्हातारी पितळी कपात चहा घेऊन आली.

"ड्रायव्हरभाऊ, गाडी बिघडली का? तिच्याकडंच पाहून राह्यले तवापासून."

"नाही मावशी. तिची साक्ष घेऊन राह्यलो."

म्हातारीला काही समजलं नाही, पण ती त्याचा चहा होईपर्यंत शेजारी उभी राहिली. संस्थेत चहा त्याला कधी कोणी हातात आणून दिला नव्हता; तो आपला जाऊन ओतून घ्यायचा.

दिवेलागणीला जीप निंबाखाली परत आली. मुख्तारनं फडक्याला हात स्वच्छ पुसले आणि बोनेट उघडलं. गोविंदानं दुपट्टा मडगार्डवर पसरला, आणि मुख्तार एक एक बोळा सोडवून त्यावर मांडू लागला. झाकणाचा पांढरा. चेंबरचा धुळीनं मळलेला, पण तेल नाही. नळीचा पांढरा. फिल्टरच्या गळ्याचा पांढरा. सगळेच पांढरे निघाले तर?

मग मुख्तारनं फिल्टरच्या मागं, जिथं डोळा पोचत नाही, तिथं बोटं घातली. शेवटचा बोळा बाहेर आला तो डांबरासारखा काळा, निथळत.

"सापडला, साला!"

अंगठ्याएवढा एक स्विच होता तो, तेलाचा दाब दाखवणाऱ्या दिव्याचा. मुख्तारनं तो पान्यानं फिरवून काढला, आट्यांवर नख ओढलं, नखाखालचं नाकाला लावलं आणि तसाच थांबला.

"वास घे."

गोविंदानं घेतला. "साबन?"

"कपडे धुवायचा. आटे गेलेले, वायसर नाही, आन साबन थापून बसवला. थंड हाये तवरीक टिकते. इंजिन तापलं की साबन वितळते, तेल मोकळं. कोनी बसवला हा?"

गोविंदाला आठवायची गरजच नव्हती. दिवाळीत सर्व्हिसिंग झालं होतं. तेव्हा आतला दिवा लागत नाही म्हणून हा स्विच बदलला होता. आणि तेव्हापासून तेल कमी व्हायला लागलं होतं.

"प्रफुल्लबाबूच्या गॅरेजात," तो म्हणाला.

मुख्तारनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग स्विचकडं, आणि मग तो असा काही संतापला की हातातला पाना त्यानं खड्ड्यात फेकला. "ज्यानं गळवलं त्यानंच येऊन तपासलं! वा रे वा इन्साफ! आन वरून रुमाल धरून पाहते, धूर कुठी हाये!"

तरी त्या रागातच त्यानं नीट आटे पाडून नवा स्विच बसवला, तांब्याचं वायसर घातलं, तेल भरलं, गाडी तापेपर्यंत फिरवून आणली. कापसाचा ताजा बोळा लावून पाहिला. बोळा पांढराच राहिला. पण घरी जाताना गोविंदानं जुना स्विच आणि तो काळा बोळा दुपट्ट्यात बांधून बरोबर घेतला.

*

सकाळी प्रार्थनेच्या आधी तो भय्यासाहेबांच्या खोलीत गेला आणि दुपट्टा टेबलावर सोडला. सगळं सांगितलं, माती, कापूस, साबण. भय्यासाहेबांनी स्विच उचलला, वास घेतला आणि उठून दार लावून घेतलं. त्या दाराच्या आवाजावरून गोविंदाला पुढचं सगळं समजलं.

"बरं झालं सापडलं," भय्यासाहेब म्हणाले. "म्हनजे तू खाल्लं नाही. चांगली गोष्ट हाये. आता हे इथंच राहू दे."

"मंग प्रार्थनेत तुमी सांगसान ना जी?"

"काय सांगू?"

"का गोविंदानं तेल खाल्लं नाही म्हनून. चारचौघांत बोलले होते तुमी, तर चारचौघांतच..."

"अरे, मी गमतीनं बोललो बाप्पा! तू तर मनावरच घेतलं." भय्यासाहेब जवळ आले, आवाज उतरला. "हे पाह्य, प्रफुल्ल माह्या बायकोचा भाऊ हाये. पाहुणे आले. त्याच्या गॅरेजचं नाव खराब होईन, संस्थेचं होईन. तू फक्त उभा राह्य आन म्हन, 'चूक झाली.' कोनाची, काय, ते नको सांगू. लोक इसरून जातीन. नोकरी तुही पक्की."

"आन माह्या नावाचं काय जी?"

"तुह्या नावाले काय होते बे!"

अगदी सहज म्हणाले. शिवी द्यायची म्हणून नव्हे. त्यांना खरंच वाटत होतं की या नावाला काही होत नाही. नाव असतं ते प्रफुल्लबाबूला, गॅरेजला, संस्थेला. ड्रायव्हरला नाव कशाला? त्याला हाक मारली की झालं. गोविंदानं स्विच आणि बोळा उचलला, पुन्हा दुपट्ट्यात बांधला.

"म्हनतो जी," तो म्हणाला. "चूक झाली म्हनतो."

भय्यासाहेबांना हायसं वाटलं. "शहाणा हायेस."

टिनाच्या छपराखाली सगळे जमले होते. मुंबईचे पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर, शिवणवर्गाच्या बाया सतरंजीवर, विमलताई खांबाला टेकून, प्रफुल्लबाबू दारापाशी किल्ली फिरवत. प्रार्थना झाली. भय्यासाहेबांनी पाहुण्यांना सांगितलं, "आमच्याकडं मानसं चुकतात, पन चूक कबूल करतात. आमी त्यांना सांभाळून घेतो." आणि गोविंदाकडं मान हलवली.

गोविंदा उभा राहिला.

"माह्या हातून एक चूक झाली," तो म्हणाला.

सगळे कसे सैलावले. शिपायानं शेजारच्याला कोपर मारलं.

"मी म्हनलं, गाडी तेल खाऊन राह्यली. तसं म्हनायचं नव्हतं. गाडी तेल गळून राह्यली, असं म्हनायचं होतं. गाडीनं तेल खाल्लं नाही, आन मीही खाल्लं नाही. खाते आन गळते, यातला फरक मले समजला नाही, हे माह्यं चुकलं. बाकी काही चुकलं नाही."

त्यानं पुढं होऊन तो स्विच आणि काळा बोळा पाहुण्यांच्या पुढ्यातल्या टेबलावर, हारांच्या शेजारी ठेवला. "हे इथून गळत होतं. वास घेऊन पाहा, साबन लावून बसवलं हाये. कोनी बसवलं ते भय्यासाहेबाले माहीत हाये."

छपराखाली बाहेरच्या बकऱ्यांचं ओरडणं ऐकू यायला लागलं. किल्ली फिरायची थांबली. विमलताईंनी तोंड उघडलं, भय्यासाहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, आणि त्यांनी ते मिटलं. पण शिवणवर्गातली एक बाई सतरंजीवरून मोठ्यानं म्हणाली, "अरे बाप्पा! आन आमी हसलो ना वो त्याले!"

गोविंदानं जीपची किल्ली बोळ्याशेजारी ठेवली. कोणी 'थांब' म्हणेल म्हणून त्यानं क्षणभर वाट पाहिली. खोटं कशाला सांगायचं, पाहिलीच. मग तो बाहेर गेला. जीपमधून त्यानं स्वतःचं होतं तेवढं काढलं. पाण्याची बाटली आणि ड्रायव्हरच्या सीटवरची उशी. सत्यभामानं शिवून दिलेली, तिच्याच वेचणीच्या कापसाची. कमरेला त्रास होतो म्हणून.

उशी काखेत मारून तो रस्त्यानं निघाला. वस्ती काही जवळ नव्हती, पण आज त्याला चालायलाच बरं वाटत होतं. नाक्याच्या अलीकडं मागून ओळखीचा आवाज आला. मान न वळवता त्यानं ओळखलं, रडकी. चालवणारा क्लच अर्धाच सोडत होता.

जीप त्याच्याजवळ येऊन थांबली. प्रफुल्लबाबूच्या हातात स्टिअरिंग, मागं पाहुणे, आणि शेजारी भय्यासाहेब. त्यांनी पाहुण्यांना ऐकू जाईल अशा प्रेमळ आवाजात म्हटलं, "चाल गोविंदा, बस. घरापर्यंत सोडून देतो. एवढा राग बरा नाही."

"जा जी तुमी," गोविंदा म्हणाला. "पाहुण्याले उशीर होईन."

इंजिन चालूच होतं, चांगलं तापलेलं. भय्यासाहेब आणखी काही तरी बोलले, ते त्याच्या कानात शिरलंच नाही. त्याचं लक्ष त्या आवाजाकडं होतं. मग जीप धूळ उडवत निघून गेली.

धूळ बसली तसा तो जीप उभी होती त्या जागेपाशी आला. उशी मांडीवर घेऊन उकिडवा बसला. मातीवर टायरांच्या दोन ओळी होत्या. त्यांच्या मधोमध त्यानं हात फिरवला, इकडून तिकडून, तळवा उलटा करून पाहिला. कोरडी धूळ. खालचा पत्रा मुख्तारनं परत लावला नव्हता, गळलं असतं तर इथं पडलं असतं. एक थेंब नव्हता.

वेचणीला निघालेली एक बाई कमरेला ओटी बांधून शेजारून चालली होती. ती थांबली.

"काय हरपलं जी भाऊ?"

गोविंदानं हात धोतराला पुसला आणि उभा राहिला.

"काही नाही हरपलं, बाई," तो म्हणाला, आणि उशी काखेत घेऊन चालू लागला.